आजारी माशाचं विलगीकरण

आज विषय जरा वेगळा आहे. सोलापूर जिल्ह्यात समुद्र नाही, आणि मी बोलणार आहे समुद्रातल्या माशांबद्दल. पण ऐका, कारण यात आपल्या बचत गटाचा पैसा अडकला होता.

आमच्या गटातल्या एका ताईंनी बारा हजारांचं कर्ज घेतलं आणि शहरातल्या दवाखान्यांतले, हॉटेलांतले काचेचे फिशटँक सांभाळायचं काम सुरू केलं. महिन्याला ठरलेले पैसे मिळायचे. एका दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती. त्यात केशरी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश मिळून आठ मासे होते. मासे मेले तर भरपाई ताईंनी द्यायची, असं बोलणं झालेलं. हप्ता त्याच कमाईतून जायचा.

एका शनिवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. माशांच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसत होते. मासे दगडाला अंग घासत होते, खाणं सोडलं होतं. दहा दिवसांपूर्वी दोन नवे मासे थेट त्याच टाकीत सोडले होते. दवाखान्याला घाई होती आणि "सोडा, काही होत नाही" असं मीच म्हणाले होते. चूक माझी.

हा रोग एका बारीक परजीवीमुळे होतो. त्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. तो तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून तळाला पडतो. तिथे कवच करून आत वाढतो आणि एकाची शेकडो पिल्लं बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. म्हणून ठिपके गेले की मासा बरा झाला, असं समजू नका. ती वादळाआधीची शांतता असते.

ताईंनी औषधाची बाटली आणून ठेवली होती. तांब्याचं औषध होतं. थेट टाकीत ओतणार, तेवढ्यात मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका ओळखीच्या भावाने फोनवर थांबवलं. तांबं या रोगावर चालतं, पण टाकीतल्या कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ त्याने मरतात. दगड आणि वाळू ते शोषून घेतात, म्हणून मात्राही कळत नाही. मासेच बाहेर काढा, म्हणाला.

कोरोनात आपण गावच्या शाळेत विलगीकरण केलं होतं ना? तेच माशांचं करायचं. भांड्यांच्या दुकानातून दोन कोरे प्लास्टिकचे टप आणले. साबण लागलेला टप चालत नाही. प्रत्येकात चाळीस लिटर पाणी, हवेचा पंप, तापमापी आणि माशांना लपायला पाइपचे कोरे एल्बो. वाळू नाही, दगड नाही.

मीठ घरातलं चालत नाही, मैत्रिणींनो. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. त्यासाठी फिशटँकच्या दुकानात वेगळं सागरी मीठ मिळतं. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरला एक किलो चारशे ग्रॅम. आपलं बोअरचं पाणी जड, म्हणून आम्ही फिल्टरचं आरओ पाणी घेतलं. मीठ घालून रात्रभर पंप चालू ठेवला. खारेपणा आणि तापमान टाकीइतकंच आहे हे मोजून मगच रविवारी मासे हलवले.

पुढची युक्ती बिनऔषधाची आहे. गळून पडलेला परजीवी पुन्हा बाहेर यायला किमान तीन दिवस घेतो. त्याआधीच मासा दुसऱ्या स्वच्छ टपात गेला, तर परजीवी मागेच राहतो. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: रविवारी पहिला टप, मग बुधवार, शनिवार, मंगळवार आणि शुक्रवार. दर वेळी वेळेच्या थोडं आधी बदलायचं, उशीर करायचा नाही. जुन्या टपातलं पाणी, जाळी, पंपाची नळी, काहीही नव्या टपात जाता कामा नये. जुनं सगळं धुऊन सोलापूरच्या उन्हात कडकडीत वाळवायचं. पाच वेळा टप भरायला सात किलो मीठ लागलं. पाणी सारखं नवं, त्यामुळे अमोनियाही साचला नाही.

उन्हाळा होता. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. बर्फ थेट टाकायचा नाही, खारेपणा बदलतो. पाण्याची गोठवलेली बंद बाटली टपात तरंगत ठेवायची. वीज जाईल म्हणून बॅटरीचा पंप जवळ ठेवला.

पहिल्या तीन दिवसांत तीन मासे गेले. पाच वाचले.

एक सावधगिरी सांगते. ठिपके मिठासारखे नसून पिठाच्या धुळीसारखे बारीक असतील आणि मासा धापा टाकत असेल, तर रोग दुसरा असू शकतो. तिथे टप बदलून भागत नाही. त्याच दिवशी जाणकाराला विचारा आणि औषध द्यायचंच झालं तर वेगळ्या टपातच, रोज मोजून द्या.

मोठी टाकी मासे नसताना तशीच चालू ठेवायची. मासा मिळाला नाही की परजीवी उपाशी मरतो. किमान सहा आठवडे. आम्ही अडीच महिने थांबलो. कोळंबी आत राहिली तरी चालते. तोवर पाच मासे शेवटच्या टपात होते. तिथे स्पंज फिल्टर लावला. अमोनिया किटवर रोज तपासायचा आणि वाढला की पाणी बदलायचं.

तीन माशांचे पैसे ताईंनी भरले. त्या महिन्याचा हप्ता चुकला. गटाच्या बैठकीत बोलाचाली झाली, दंडाची गोष्ट निघाली. मी माझी चूक सांगितली. शेवटी दंड माफ झाला आणि ठराव झाला: मासे असोत, कोंबड्या असोत की शेळ्या, कर्जाच्या अर्जातच वेगळ्या जागेचा खर्च धरायचा. नवा जीव महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय जुन्यात मिसळायचा नाही. दोन टप आणि सात किलो मीठ हा खर्च आम्ही आधी धरला असता तर आठही मासे वाचले असते.

शोभिवंत मासेपालन करावंसं वाटत असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या छोट्या युनिटचा खर्च तीन लाख रुपये धरला होता आणि महिलांना त्यावर साठ टक्के अनुदान होतं. सध्या काय चालू आहे ते तिथे विचारा. सुरुवात गोड्या पाण्याच्या गप्पी, मोलीपासून करा. समुद्राचा मासा नंतर.

आणि पहिल्या दिवशी, मासे आणायच्या आधी, दुसरा टप घ्या.