आजीच्या गळ्यातला क्यूआर

आज डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल बोलू. ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून आपण तो सोडून देतो. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरात सात जण.

माझी आजी त्यातलीच. घर इंदापूर तालुक्यात, मी बारामतीत कामाला, आजीला सांभाळते आई. दिवेलागणीला आजी ‘माहेरी जाते’ म्हणत चपला घालते. फोन ती जवळ ठेवत नाही, म्हणजे लोकेशन शेअरिंग बाद. ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनच्या जिवावर चालतो. बारामतीच्या बाजारात ठीक, पण उसाच्या फडात कुणाचा फोन असणार? जीपीएस ट्रॅकर सिमवर चालतो, पण तो सारखा चार्ज करायचा. आईच्या मागं अजून एक काम!

शेवटी लॉकेट केलं. एका बाजूला क्यूआर, दुसरीकडं आईचा नंबर, ठळक. पालखीच्या गर्दीत स्कॅन कोण करतंय? नंबर मात्र कुणीही वाचेल. आणि दाराला साधी घंटी बांधली, खरं सांगू का, सगळ्यात कामाची तीच.

पण आईच्या झोपेचं काय? टेलिमानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७. दोन्ही नंबर आईच्या फोनमध्ये टाकलेत.

आता दर रविवारी आजीजवळ मी, आई भिगवणला मावशीकडं. रिमाइंडर लावलाय, दोघांच्याही फोनवर.