त्रासाची नोंद झाली तरच इलाज होतो



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात बगची नोंद झाली नाही, तर तो दुरुस्त करायला कुणी बसत नाही. उलट वापरणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणतात. युद्धातून मनाला जखम घेऊन परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत बरीच वर्षं हेच झालं.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेले जवान थरथर कापायचे, काहींची वाचाच जायची. १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' या नावाने त्याबद्दल लिहिलं. तरीही लष्कराच्या नजरेत असे कित्येक जण भित्रेच ठरले. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या ३०६ जवानांना माफी मिळाली ती थेट २००६ मध्ये. त्यांतले काही जण याच त्रासात होते.

व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक मात्र गप्प बसले नाहीत. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये ते गटाने जमून एकमेकांशी बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९८० मध्ये 'पीटीएसडी' हा आजार अमेरिकेच्या अधिकृत यादीत आला. आधी त्रास भोगणारे बोलले, मग नोंद झाली.

या आजारात जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटतं. झोप उडते, माणूस दचकतो, चिडतो, लोकांना टाळतो. हे फक्त भीतीमुळे होत नाही. आपल्या हातून जे घडलं किंवा आपण जे थांबवू शकलो नाही, त्याचा सलही आत राहतो. त्याला नैतिक जखम म्हणतात.

आता आपल्या मोहल्ल्याकडे बघा. लग्नातल्या फटाक्यांनी एखादे निवृत्त फौजी चाचा दचकले, तर आपण हसतो. रात्री ओरडत उठले, तर बाहेरचं काही लागलंय म्हणून ताबीज आणतो. दुआ जरूर करा, पण डॉक्टरकडेही न्या. बोलून करायचे उपचार आहेत, औषधं आहेत आणि त्यांनी फरक पडतो. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा खास कक्ष सुरू झाला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तर सगळ्यांसाठी आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. कुठल्याही फौजीला "किती जणांना मारलंत?" असं विचारू नका. आणि ते स्वतःहून बोलू लागले, तर "मर्द होऊन रडता काय?" म्हणून त्यांना गप्प करू नका. शेवटपर्यंत ऐकून घ्या, मग विचारा, "चाचा, डॉक्टरकडे मी सोबत येऊ का?"