कोरोना, कावीळ आणि खाणकामगाराचे यकृत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, पाळ्या आणि पगारवाढ यांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. तो विषय आम्हांला तोंडपाठ आहे, आणि आपल्यालाही त्याचा थोडा कंटाळा आलेला असेल. म्हणून आज विषय घेतला आहे यकृताचा. आम्ही डॉक्टर नाही. चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामगारांची संघटना बांधता बांधता आमची पन्नाशी उलटली. शाळा थोडी झाली. पुढचे शिक्षण पुस्तके उसनी आणून, आणि अडले तेथे डॉक्टरांना विचारून झाले. तेव्हा जे सांगू ते पडताळलेले सांगू, आणि आपल्या भाषेत सांगू.

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रोगी 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले. त्यानंतर दोन वर्षे ज्याच्या त्याच्या तोंडी छाती, धाप आणि प्राणवायू हेच शब्द होते. पण रोग्याबरोबर घरी जे रक्ततपासणीचे कागद आले, त्यांत अनेकांच्या एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. ह्या आकड्यांसमोर लाल खूण होती. चीनमधल्या सुरुवातीच्या पाहण्यांत रुग्णालयातील शंभरांपैकी 14 पासून 53 जणांपर्यंत हे आकडे वाढलेले आढळले. मग आमच्या लोकांनी विचारले, 'भाऊ, रोग छातीचा. मग काळीज-यकृत का बिघडले?' प्रश्न रास्त होता.

हे आकडे म्हणजे काय, ते आधी पाहू. यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव, उजव्या बरगड्यांखाली. त्याच्या पेशींत काही द्रव्ये असतात. पेशी दुखावली की ती द्रव्ये रक्तात झिरपतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचे मोजमाप होते. म्हणजे गोदामातला माल रस्त्यावर सांडलेला दिसला की भिंतीला भोक पडले असे समजावयाचे. मात्र एस.जी.ओ.टी. स्नायूंतही असते. कोरोनात ज्याचे अंग ठणकले, त्याचे एस.जी.ओ.टी. निव्वळ स्नायूंमुळेही चढू शकते. एकाच आकड्याकडे पाहून यकृत गेले असा टाहो फोडू नये.

आता कारणे. विषाणू पेशीत शिरतो तो एका विशिष्ट कडीला धरून. यकृताच्या मुख्य पेशींवर ती कडी थोडी, पित्तनलिकांच्या पेशींवर अधिक. तेव्हा विषाणू यकृतापर्यंत पोहोचत नाही असे नाही. पण बहुतेक रोग्यांत यकृताला मार बसला तो आजूबाजूच्या गोष्टींचा. शरीराने विषाणूविरुद्ध पेटवलेला दाह एवढा भडकला की घरच्यांनाही त्याची झळ लागली. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. आणि प्राणवायू कमी पडला. हा शेवटचा मुद्दा खाणकामगाराला न शिकवता कळतो. यकृताकडे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते आणि त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. यकृताच्या प्रत्येक कणात हे रक्त कडेकडून आत वाहते. मधल्या पेशींच्या वाट्याला उरलेसुरले येते. भुयारात ताजी हवा जेथून येते तेथल्या माणसाला काही जाणवत नाही, आणि शेवटच्या टोकाला काम करणाऱ्याचा जीव आधी गुदमरतो. तसेच हे.

चौथे कारण आपण स्वतः तोंडात घातलेले. ताप आला की पॅरासिटामॉल घ्यावयाचे, हे बरोबरच होते. पण धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाची मर्यादा 4 ग्रॅमची, म्हणजे साडेसहाशेच्या सहा गोळ्यांची. तीही वरची हद्द, रोजचा खुराक नव्हे. ह्या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी बनतो आणि यकृतच त्याला निष्प्रभ करते. रोज मोहाची दारू पिणाऱ्याच्या यकृतात ते विष अधिक तयार होते आणि त्याचा उतारा कमी शिल्लक असतो. अशा माणसाने डॉक्टरांना आपले पिणे सांगितले पाहिजे. येथे लाज धरणे महागात पडते. ज्या रेमडेसिविरसाठी एप्रिल 2021 मध्ये नातेवाईक दारोदार फिरले, त्यानेही यकृताचे आकडे चढतात. म्हणून ते देताना रक्त तपासावे लागते.

आणि काढा! ह्यावर आम्ही बोललो की सभेत चुळबुळ होते, हे ठाऊक आहे. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांत मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले सहा रोगी आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. 2021 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की गुळवेल निर्धोक आहे आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. पुढे 2022 मध्ये देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशा 43 रोग्यांची माहिती मांडली. पुष्कळांत शरीराची संरक्षक फौज आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आम्हांला आयुर्वेदाशी भांडण करावयाचे नाही. पण झाडावरून उतरवलेली वेल कोणती, ती किती आणि किती दिवस, हे विचारणारा कोणी नसताना गावेच्या गावे काढा पीत होती. औषध म्हणावयाचे तर औषधाचे नियमही पाळावेत.

बहुतेकांचे यकृत रोग ओसरल्यावर आपोआप सावरले, हे मुद्दाम सांगतो, कारण घाबरवणे हा आमचा धंदा नाही. फार दिवस अतिदक्षता विभागात राहिलेल्या थोड्या रोग्यांत मात्र पित्तनलिका आकसल्या. काही महिन्यांनी अंगाला खाज आणि कावीळ दिसू लागली. आणि ज्याचे यकृत आधीच दगडासारखे झालेले, त्याची गत वाईट झाली. 29 देशांतील यकृताच्या जुन्या आजाराच्या 745 रोग्यांची नोंद आहे. त्यांना कोरोना झाला तेव्हा सिरोसिस असलेल्यांपैकी शेकडा 32 दगावले, सिरोसिस नसलेल्यांपैकी शेकडा 8.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे आणखी एक गुंता आहे. येथे सिकलसेलचे रोगी बरेच. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून यकृत ठीक असतानाही डोळे पिवळे दिसतात. डोळे पिवळे दिसताच माळ घालून कावीळ उतरवणाऱ्याकडे धावणारे आमच्यात कमी नाहीत. माळ लांबते, पाणी पिवळे होते, आणि खरे कारण तेथेच राहते.

आता चिखल्याची खास गोष्ट, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला. मँगनीज शरीराला लागते, पण चिमूटभरही नव्हे. जास्तीचे मँगनीज यकृत पित्तात टाकते आणि ते शौचावाटे बाहेर जाते. लघवीवाटे अगदी थोडे. म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा जवळजवळ एकच. त्यातही श्वासावाटे गेलेली धूळ यकृताची पहिली चाळणी चुकवून रक्तात मिसळते. फार वर्षे फार साचले तर ते मेंदूत बसते: चाल बिघडते, अंग ताठरते, बोलणे अडखळते. ही व्याधी स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांत कूपर नावाच्या डॉक्टरांनी 1837 सालीच नोंदवली होती. आणि सिरोसिसचे जे रोगी जन्मात खाणीजवळ गेले नाहीत, त्यांच्याही मेंदूच्या एम.आर.आय.मध्ये मँगनीजच्या साठ्याची खूण दिसते. कारण दरवाजा बंद झालेला असतो.

कोरोनाने खाणकामगाराच्या मेंदूत मँगनीज भरले, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की मँगनीज उकरणाऱ्या माणसाचे यकृत त्याच्या फुफ्फुसाइतकेच कामाचे आहे. ठराविक मुदतीच्या तपासणीत छातीचा फोटो काढतात, फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद बघतात. त्याच दिवशी काढलेल्या रक्तात यकृताचे आकडे आणि हिपॅटायटिस 'बी' पाहावयास किती खर्च येतो? आमचे मागणे आहे, की जेथे ह्या चाचण्या नाहीत तेथे त्या घालाव्यात, कंत्राटी कामगारालाही त्या लागू कराव्यात, आणि निकालाचा कागद कामगाराच्या हातात द्यावा. आकडा वाढलेला निघाला म्हणून कोणाचे काम जाऊ नये. गेले, तर दुसऱ्या वर्षी कोणी रक्तच देणार नाही.

आपल्या घरी 2020-21 मधले रुग्णालयाचे कागद असतील तर ते पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत फेकू नका. एस.जी.पी.टी. आणि बिलिरुबिन ह्या दोन ओळी पाहा. त्या वेळी वाढलेल्या असतील तर एकदा पुन्हा रक्त तपासून दोन्ही कागद डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवा. ज्यांना ह्या ओळी वाचता येत नाहीत, त्यांनी कागद घेऊन संघटनेच्या कचेरीत यावे. सकाळची पाळी सुटल्यावर आम्ही तेथे असतो.