साथीच्या काळातील चौकशी आणि नागरिकांचा विश्वास
(बदनापूर तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साथीचा रोग आटोक्यात आणण्याच्या उपायांपैकी संपर्कशोध हा एक जुना आणि तितकाच नाजूक उपाय होय. रुग्ण आढळला की मागील काही दिवसांत तो कोणाला भेटला, कोठे गेला, कोणाच्या पंक्तीस बसला हे विचारावयाचे. त्या व्यक्तींना वेळेवर गाठावयाचे आणि रोगाची साखळी तोडावयाची, एवढेच त्याचे तंत्र आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या 'बीडीएन ७११' या तुरीच्या वाणाची ओळख मराठवाड्यातील शेतकऱ्याला करून द्यावयास नको. तुरीचे एक झाड मर रोगाने वाळलेले दिसताच जाणता शेतकरी भोवतालची झाडे निरखून पाहतो. संपर्कशोधाची रीतही अशीच आहे. मात्र झाडाला काही लपविता येत नाही, माणसाला येते. भयापोटी, लज्जेपोटी किंवा फसवणुकीच्या शंकेने माणसाने माहिती दडविली, की सर्व यंत्रणा हाताशी असूनही साखळी तुटत नाही.

याची मोठी किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने पाय रोवले आणि थोड्याच अवधीत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम अंमलात आला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली आणि रुग्णांच्या शोधासाठी गोरे सैनिक घरोघर शिरू लागले. देवघर, माजघर, स्त्रियांच्या खोल्या यांचा विधिनिषेध राहिला नाही. रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत हलविण्यात येई. घरातील सामानसुमान जाळण्यात येई. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढे त्यांचा मृत्यू झाला. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. रुग्ण शोधण्याची निकड दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया होती. आणि लोकांनी दार कोणासाठी मनापासून उघडले, हे सांगावयास नको.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ राज्यात आली, तेव्हा १८९७ चा तोच अधिनियम पुन्हा हाती घ्यावा लागला. त्या वेळी राज्याच्या आरोग्य खात्याची धुरा जालना जिल्ह्याचेच राजेश टोपे यांच्याकडे होती. गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. गावोगावी मुंबई-पुण्याहून परतलेल्या कुटुंबांची सोय शाळांच्या खोल्यांत करण्यात आली. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि पथके तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक व ग्रामसेवक यांनी या काळात जे कष्ट उपसले, ते विसरता येणार नाहीत.

याच काळात नागरिकांच्या मनात रास्त शंकाही उभ्या राहिल्या. २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेले 'आरोग्य सेतू' हे अ‍ॅप ब्ल्यूटूथच्या साहाय्याने जवळ आलेल्या दूरध्वनींची नोंद ठेवीत असे. ही नोंद कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, असे प्रश्न विचारले गेले. ११ मे २०२० रोजी केंद्र शासनाने त्यासाठी नियमावली काढली आणि संपर्काची व ठिकाणाची माहिती १८० दिवसांहून अधिक काळ ठेवू नये असे ठरविले. पुढे अ‍ॅपमधील संपर्कशोधाची सोय बंद करण्यात आली. शेजारच्या कर्नाटकात विलगीकरणातील व्यक्तींच्या पत्त्यांच्या याद्याच प्रसिद्ध झाल्या होत्या. रुग्णाच्या घरावर फलक लावण्याच्या प्रथेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले, की सक्षम अधिकाऱ्याचा कायदेशीर आदेश असल्याखेरीज असे फलक लावता येणार नाहीत. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय याच न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

खाजगीपणाच्या प्रश्नाला लागूनच फसवणुकीचा प्रश्न येतो. मार्च २०२० मध्येच पंतप्रधानांच्या मदतनिधीच्या नावाशी मिळताजुळता बनावट यूपीआय पत्ता उघडकीस आला. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले; त्याआधीच लसीच्या नावनोंदणीच्या मिषाने आधार क्रमांक आणि ओटीपी मागणारे दूरध्वनी लोकांना येऊ लागले होते. हा उपद्रव केवळ आपल्या देशापुरता नव्हता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही मे २०२० मध्ये नागरिकांना सावध केले, की खरा संपर्कशोधक कधीही पैसे मागत नाही.

या ठिकाणी एक पेच आहे. "आपण एका रुग्णाच्या संपर्कात आला आहात," या वाक्यानेच खरा कर्मचारी बोलण्यास आरंभ करतो आणि भामटाही. रुग्णाचे नाव सांगावयाचे नाही, हा खऱ्या कर्मचाऱ्याचा धर्म; पण नाव न सांगण्याची हीच सवलत भामट्याच्या पथ्यावर पडते. मग ऐकणाऱ्याने ओळखावे कसे? पुढच्या प्रश्नावरून ओळखावे. खरा कर्मचारी दिवस, ठिकाणे, भेटलेली माणसे आणि ताप-खोकला यांविषयी विचारील. बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी, तपासणीचे आगाऊ पैसे किंवा एखादी अनोळखी लिंक उघडण्याचा आग्रह आला, की बोलणे तेथेच थांबवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशा कार्यकर्तीकडे स्वतः विचारणा करावी. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक.

कर्मचाऱ्यांचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. दारी जाताना ओळखपत्र दाखवावे. माहिती कशासाठी हवी, ते घरच्या बोलीत सांगावे. रोगाशी संबंध नसलेला प्रश्न विचारू नये. नोंदवही चावडीवर उघडी टाकू नये आणि रुग्णांच्या याद्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि धाडू नयेत. एकदा गेलेली यादी कोणत्याही आदेशाने परत येत नाही. शिक्षकांनी वर्गातील मुलांना ओटीपीचा अर्थ समजावून द्यावा, कारण पुष्कळ घरांत आजी-आजोबांचा मोबाइल नातवंडेच हाताळतात. पंचायत सदस्यांनी सर्वेक्षणास येणाऱ्या पथकाची नावे आधीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. तेथे नाव पथकाचे असावे, रुग्णाचे नसावे.

पुढील साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. परंतु ती येईल तेव्हा गावातील पहिल्या घराचे दार उघडेल की नाही, हे आज आपल्या हातून होणाऱ्या लहानसहान वर्तनावर ठरणार आहे. जनतेने सांगितलेली माहिती ही तिने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ती जपण्याची सवय बदनापूर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने आणि आरोग्य उपकेंद्राने साथ नसतानाच अंगी बाणवावी, एवढीच अपेक्षा आहे.