धानाच्या जिल्ह्यातील पदवी संशोधन

पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधन मांडण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यापीठांचा ‘आविष्कार’ मेळावा २००६ पासून आहे. नागपूर विद्यापीठाशी संलग्न, धानाचा जिल्हा असलेल्या गोंदियाच्या महाविद्यालयांना विषय दाराशीच मिळतात. राइस मिलमध्ये धानाच्या वजनाच्या सुमारे २० टक्के तूस निघते. ते नियंत्रित तापमानात जाळले, की राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका उरते. ही राख बारीक दळून काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी घालतात. अशा काँक्रीटचे ठोकळे पाण्यात ठेवून ७ आणि २८ दिवसांनी यंत्राखाली दाबतात, फुटेपर्यंत. पदवीच्या प्रयोगशाळेला झेपणारा आणि खरोखर कामाचा असा हा प्रकल्प. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि सारस पक्षी हे विषय आहेत. तिथल्या नोंदी मात्र वर्षभर चिकाटीने घ्याव्या लागतात.