एसी बंद करू नका, तापमान वाढवा

जुलैत बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला निघालात. धो धो पाऊस, काचा बंद, आत पाच माणसं. जांबोटी मागं पडेपर्यंत पुढची काच आतून धुरकट झालेली असते. चालवणारा एका हातानं फडकं फिरवतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, "अरे, एसी बंद कर, गारठलो." नेमकं तेच करायचं नसतं. कूलिंग कॉइलवरून जाताना हवेतलं बाष्प पाणी होऊन गाडीखाली ठिबकतं आणि त्या कोरड्या हवेनं काच स्वच्छ होते. थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी चालूच ठेवा.

'ऑटो'चं बटण असलेली गाडी हेच आपणहून सांभाळते. आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि बहुतेक गाड्यांत उन्हाचा जोर, हे सेन्सर मोजतात. त्यावरून पंख्याचा वेग ठरतो, आणि आत एक झडप हलते. ती कॉइलवरची गार हवा आणि इंजिनच्या गरम कूलंटनं तापलेली हवा हव्या त्या प्रमाणात मिसळते. २४ वर लावा आणि विसरून जा. मे महिन्यात निपाणीच्या बाजारात उन्हात उभी केलेली गाडी १८ वर लावल्यानं लवकर गार होत नाही. २४ लाही पंखा सुरुवातीला जोरातच फिरतो. त्यापेक्षा आधी दोन मिनिटं काचा उघडा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या.

उन्हाचा सेन्सर म्हणजे डॅशबोर्डवर काचेजवळचं काळं बोंड. आपल्याकडं नेमका त्याच्यावर टॉवेल पडलेला असतो, नाहीतर गणपती बसवलेला. देवाला थोडं बाजूला बसवा, तो रागावणार नाही. सेन्सरच झाकला, तर गाडीला ऊन कळणार कसं?

तवंदी घाटात धुराच्या ट्रकमागं अडकलात तर आतलीच हवा फिरवायचं बटण जरूर दाबा. मात्र घाट संपला की ते काढा. तीच हवा तासभर फिरत राहिली की डोळे जड होतात, पावसात काचही लवकर धुरकटते.

एक काम मात्र 'ऑटो' करत नाही, एसीच्या हवेचा फिल्टर बदलण्याचं. निपाणी भागात तंबाखूची धूळ, उसाच्या हंगामात रस्त्याची माती. हा फिल्टर लवकर भरतो. पंखा जोरात वाजतोय पण वारा लागत नाही, असं झालं की गॅस भरायला धावण्याआधी तो काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो.