स्पास्टिक मुले आणि शरीराचा तोल

लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीचा लाकडी जिना चढताना कोणी पायऱ्यांचा विचार करीत नाही. एक पाऊल उचलण्यापूर्वीच शरीराचा भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो. वरून घाईने उतरणाऱ्या शेजाऱ्याचा धक्का लागलाच, तर हात आपोआप कठड्याकडे जातो. ही सारी व्यवस्था मेंदू माणसाच्या नकळत पाहत असतो. स्पास्टिक प्रकारच्या सेरेब्रल पाल्सीमध्ये नेमकी हीच व्यवस्था विस्कळीत झालेली असते.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इजा झाल्याने ही अवस्था उद्भवते. अपुऱ्या दिवसांचा जन्म हे तिचे एक प्रमुख कारण होय. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, ती संसर्गाने पसरतही नाही. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे बोलणे निमूटपणे ऐकून घेणाऱ्या माता आजही आहेत. त्या बोलण्याला काडीचाही आधार नाही.

अशा मुलाचे पडणे हे केवळ अशक्तपणाचे लक्षण नव्हे. त्याचे स्नायू ताठर असतात आणि जितक्या वेगाने ते ताणावेत तितका अधिक विरोध करतात. पाय पुढे नेणारे व मागे ओढणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. टाच टेकत नाही, मूल चवड्यांवर चालते. गुडघे एकमेकांना घासतात, कधी पायांची कात्री होते. उभे राहण्याचा पायाच असा अरुंद झाल्यावर तोल जाणारच. त्यातच सावरण्याची क्रिया उशिरा सुरू होते. हात पुढे येईपर्यंत मूल पडलेले असते. अचानक दचकल्याने किंवा घाई केल्याने ताठरपणा वाढतो. म्हणूनच “नीट चाल” असे ओरडणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे.

उपचारकक्षाच्या सपाट फरशीवर बरे चालणारे मूल चाळीच्या अरुंद गॅलरीत का अडखळते, याचे उत्तरही यातच आहे. गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक शौचालयात टाचा टेकून उकिडवे बसणे त्याला सर्वांत कठीण. तेथे भिंतीला बसविलेली एक भक्कम दांडी पुष्कळ काम करते.

या उपचारांच्या इतिहासात परळचे स्थान मोठे आहे. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५३ साली तेथेच भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी पोलिओचे रुग्ण पुष्कळ असत. पोलिओत स्नायू लुळा पडतो, येथे तो आवळतो. त्यामुळे जोराने मालीश करणे किंवा पाय हिसकावून सरळ करणे हा उपाय नव्हे. सावकाश ताण, योग्य बैठक आणि रोजचा सराव यांनीच सांधे आखडण्याचे प्रमाण कमी राखता येते. हाडे वाढतात, ताठर स्नायू त्या गतीने वाढत नाहीत. म्हणून उपचारांतील खंड महागात पडतो.

अस्थिर शरीरावरून बुद्धीचा अंदाज बांधणे ही दुसरी चूक. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली व कुलाब्यात तीन मुलांसह शाळा उघडली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

गावपातळीवर सुरुवात ओळखण्यापासून व्हावयास हवी. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, नऊ महिन्यांनंतरही आधाराविना बसता येत नाही, वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरते, यांपैकी काही दिसल्यास “बोलेल, चालेल हळूहळू” म्हणून थांबू नये. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट समावेश आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी प्रथम बाकाकडे पाहावे. पाय लोंबकळत असतील तर मुलाची सारी शक्ती तोल राखण्यात जाते. तळव्यांखाली लाकडी पाट ठेवला की लिहिणारा हात मोकळा होतो. वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर तो खाली आणण्याचा निर्णय जूनपूर्वी व्हावा. पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या ओल्या असतात.